माथ्याच्या वाटेवरचे उलटे बाण

१

सायकल क्लबची मंडळी तिसऱ्यांदा उद्यानाच्या सायकल-डेपोच्या मागच्या दाराशी येऊन थडकली, तेव्हा मात्र अध्यक्ष सायकलवरून उतरले. त्यांनी हेल्मेट काढून जमिनीवर आपटलं आणि जाहीर केलं, "हा डोंगर आम्हाला वर घ्यायला तयार नाही!"

अध्यक्ष पेशाने दातांचे डॉक्टर. एरवी लोकांना 'आ' करायला सांगणारे ते आज स्वतःच आ वासून उभे होते. सूर्योदय माथ्यावरून बघायचा म्हणून मंडळी ठरल्या वेळेच्या कितीतरी आधी, डेपो उघडण्याची वाट न बघता, अंधुक उजेडात चढायला लागली होती. बाणांवर नजर ठेवून इमानेइतबारे निघायची आणि घाम गाळून पुन्हा डेपोच्या मागच्या दाराशी यायची. सूर्य कधीच उगवून वर आला होता.

काउंटरमागे, कडेवर दोन वर्षांच्या लेकीला, भिंगरीला घेऊन, डेपो सांभाळणारी ती उभी होती. तिला हसू येत होतं आणि काळजीही वाटत होती. ही दोन्ही कामं तिला एकाच वेळी छान जमत. काळजी करण्यात तिचा हात धरणारं त्या उद्यानात कोणी नव्हतं. भिंगरी शिंकली की हिचा हात तिच्या कपाळावर. भिंगरी गप्प बसली की तोंडात काय घातलं म्हणून हिचं बोट तिच्या तोंडात. आजच्या काळजीच्या यादीत बाण येण्याआधी पहिला नंबर सासऱ्यांचा होता. सगळे त्यांना बाबा म्हणत आणि रोज संध्याकाळी डेपोला कुलूप तेच लावत. सकाळी धुवायला टाकलेल्या त्यांच्या विजारीचे दोन्ही गुडघे चिखलाने माखलेले होते. म्हातारा माणूस कुठेतरी पडला आणि सांगत नाही, हे तिने ओळखलं होतं.

"डॉक्टर, वर कुठला बाण चुकीचा आहे?"

"कुठला बरोबर आहे ते विचारा! सगळे उलटे! कुणीतरी एकूण एक बाण फिरवून ठेवलाय."

डोंगराच्या पोटात पूर्वी खाण होती. खाण बंद पडली, वर झाडं लावली, उद्यान झालं आणि खाणीच्या जुन्या रस्त्यांवरून सायकलींच्या वाटा आखल्या गेल्या. त्यातली सगळ्यात देखणी, माथ्याची वाट. तिच्या प्रत्येक फाट्यावर लोखंडी खांब आणि खांबावर जाड नट-बोल्टने आवळलेला बाण. वाऱ्याने फिरणारी ती वस्तू नव्हती.

उद्यानाचे साहेब आले ते रागाने लाल होऊनच. त्यांनी भिंतीवरच्या मोठ्या पान्ह्याकडे पाहिलं आणि मग पान्ह्याच्या मालकाकडे. पान्ह्याचा मालक म्हणजे डेपोचा मेकॅनिक. हाडं मोजून घ्यावीत असा बारीक, म्हणून सगळे त्याला स्पोक म्हणत.

"मागच्या आठवड्यात वाटाड्याची जागा तुला दिली नाही, म्हणून माझ्याशी भांडलास. बरोबर?"

"भांडलो. पण साहेब..."

"हा पान्हा तुझ्याशिवाय कोण वापरतं?"

"कोणी नाही. पण साहेब..."

"दुपारपर्यंत खरं सांग. नाहीतर जेवणाच्या सुट्टीनंतर तू या डेपोत नसशील. आणि ती माथ्याची वाटही मी बंद करून टाकतो. धुक्यात कोणी कड्यावरून गेलं असतं तर?"

स्पोकच्या हातातली चेन खाली पडली. त्याच्या बायकोला सातवा महिना लागलाय, हे त्या आवारात साहेब सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

"साहेब," ती म्हणाली आणि आपण बोललो याचंच तिला नवल वाटलं, "दुपारपर्यंत मी शोधते."

२

"वहिनी, आईची शपथ, मी नाही," स्पोक म्हणाला.

"शपथा राहू देत. पान्ह्याचं सांग. काल संध्याकाळी कुठे होता?"

"भिंतीवर. आज सकाळीही भिंतीवरच. पण..." त्याने पान्हा तिच्यासमोर धरला. "हे बघा."

तिने पाहिलं. पान्हा स्वच्छ होता. नुसता स्वच्छ नाही, तेलाचं बोट फिरवून पुसलेला होता.

"मग?"

"वहिनी, या डेपोत पान्हा पुसून ठेवणारा माणूस मी आहे का?"

नव्हता. स्पोकच्या हत्यारांना हात लावला की तीन दिवस साबण पुरत नसे. म्हणजे वापरणाऱ्याला हत्यार पुसून ठेवायची सवय होती आणि लपवायची अक्कल नव्हती. की गरज वाटली नव्हती?

"काल डेपोतून शेवटी कोण निघालं?"

"मी नाही. काय झालं, तुम्ही भिंगरीला घेऊन धुण्याच्या टाकीपर्यंत चक्कर मारायला गेलात ना, आणि तेवढ्यात धुकं उतरलं..."

ते तिला चांगलंच आठवत होतं. जुनी खनिज धुण्याची टाकी म्हणजे माथ्याच्या वाटेवरचा पहिला फाटा. त्याच्या पुढे भिंगरीला घेऊन ती कधीच गेलेली नव्हती. काल टाकीपाशी पोचेपर्यंत धुकं असं दाट झालं, की तिने सायकल तशीच वळवली. भिंगरी सायकलमागे जोडलेल्या तिच्या छोट्या ट्रेलरमध्ये पेंगत होती. वाटेत स्पोक भेटला.

"तुम्ही म्हणालात, 'पोर झोपली, मी परस्पर घरी जाते, माझा बिल्ला तेवढा टांग.' मी टांगला आणि सुटलो. कुलूप लावायला बाबा येणारच होते."

बिल्ल्याची पद्धत खाणीतली. हा डेपो म्हणजे पूर्वीचं दिवेघर. आत जाणारा प्रत्येक खाणकामगार इथून दिवा घ्यायचा आणि फळ्यावरचा आपला पितळी बिल्ला काढून गळ्यात अडकवायचा. बाहेर आला की पुन्हा खुंटीवर. रिकामी खुंटी म्हणजे माणूस आत. खाण गेली, फळा राहिला. आता डोंगरावर जाणारे सायकलवाले तेच बिल्ले घेऊन जातात. ती स्वतः रोज संध्याकाळी फळा दोनदा तपासायची. कालचा दिवस तेवढा राहिला होता.

"बाबांना विचारलंस? त्यांनी कुलूप लावताना कोणाला पाहिलं का?"

"विचारलं की. कानावर हात ठेवले त्यांनी. आणि वहिनी, एक गंमत बघा. बाबा सकाळपासून माझ्या नजरेला नजरच देत नाहीयेत. त्यांनाही मीच चोर वाटतोय."

३

कॅन्टीनवाल्या मावशींचं दुकान डोंगराच्या दुसऱ्या अंगाला, तळ्याच्या काठी होतं. माथ्याच्या वाटेवर गिऱ्हाईक गेलं की मावशींच्या बाकांवर फक्त कावळे. वाट बंद झाली तर सगळ्यात जास्त फायदा त्यांचाच, आणि ही गोष्ट त्या स्वतःच मोठ्या आवाजात सांगत.

"या या, पोलीस आले!" मावशींनी भिंगरीचा गालगुच्चा घेतला. "बातमी आली माझ्याकडे. विचार, विचार. मीच फिरवले असतील ना?"

"मावशी, तुम्हाला वाईट वाटणार नसेल तर..."

"वाईट कसलं? या वयात माझ्यावर कोणी संशय घेतला, अंगावर मूठभर मांस चढलं. पण एक सांग मला. ते बाण फिरवून लोक कुठे पोचले?"

"डेपोच्या मागच्या दाराशी."

"मग! अगं, मी फिरवले असते तर माझ्या दारात नसते का आणले? सकाळी सकाळी उपाशी सायकलवाल्यांची अख्खी टोळी, आणि मी ती तुमच्या डेपोत पाठवीन? तुमच्याकडे काय खातील, ट्यूब?"

तिला हसू फुटलं. मावशी बोलत होत्या त्यात अर्थ होता. ज्याला द्वेष असतो तो बाण वाटेल तसे फिरवतो, ज्याला फायदा हवा असतो तो आपल्याकडे. हे बाण मात्र एकजात डेपोकडे. यात कोणाचं काय भलं?

"बरं, काल संध्याकाळी बाबा तुमच्याकडे बसले होते, तेव्हा त्यांनी कोणाला वर जाताना पाहिलं असं काही म्हणाले का?"

"तुझे सासरे? माझ्याकडे?" मावशींनी फडकं खांद्यावर टाकलं. "डॉक्टरने साखर बंद केल्यापासून माझ्या गल्ल्यासमोर ते फिरकलेले नाहीत. गोड बघून जीव जळतो म्हणतात. काल तर नाहीच नाही."

काल सासरे घरी आले ते उशिरा, केसांवर धुक्याचे थेंब घेऊन. भिंगरी पाटावर बसून मऊ भात चिवडत होती. सासरे दारातच बराच वेळ तिच्याकडे बघत उभे राहिले आणि मग म्हणाले होते, "मावशींकडे गप्पांत रमलो."

तिच्या आठवणीत ते पहिल्यांदाच खोटं बोलले होते.

४

परत आल्यावर तिने दातांच्या डॉक्टरांना गाठलं. ते सावलीत बसून केळं खात होते. राग बराच ओसरला होता.

"डॉक्टर, तुम्ही वर फोटो काढलेत?"

"म्हणजे काय! दात असो नाहीतर बाण, आधी फोटो, मग उपचार." त्यांनी फोन पुढे केला. "ही टाकी, पहिल्या फेरीतली. हा खाणीच्या जुन्या रोपवेच्या खांबांजवळचा फाटा, टाकीचा बाण सोडून वर गेलो तेव्हाचा. आणि हा शेवटचा, माथ्याच्या अलीकडचा, तिसऱ्या फेरीतला. याच्या वर बाण नाही."

ती एकेक फोटो बोटांनी मोठा करून बघू लागली. भिंगरीच्या अंगावरचा पुरळ बघताना ती अशीच बघायची, इंच इंच.

"खांबाच्या खाली हे पांढरं काय आहे?"

"खडू असावा. प्रत्येक खांबावर आहे. कोणा पोराने रेघोट्या ओढल्यात."

रेघोट्या नव्हत्या. छोटे बाण होते, खडूने काढलेले, वरच्या लोखंडी बाणाच्याच दिशेला. पण इतके खाली, की काढणाऱ्याला गुडघे टेकावे लागले असतील.

गुडघे. ओल्या मातीत टेकलेले गुडघे.

आणि मग तिला सासऱ्यांचं एक बोलणं आठवलं. नवी सून म्हणून ती घरात आली तेव्हा त्यांनी तिला बंद खाणीच्या तोंडाशी नेऊन भिंतीवरच्या खुणा दाखवल्या होत्या. खाणीत खूण नेहमी खाली काढायची. धूर झाला की माणूस उभा राहत नाही, रांगतो. छातीच्या उंचीवरची खूण त्याला दिसत नाही. आणि खाणीतला बाण कधीही आतली वाट दाखवत नाही. आत कसं जायचं ते सगळ्यांना माहीत असतं. बाण फक्त बाहेरची वाट दाखवतो.

धुकं धुरासारखंच होतं काल. ज्याने आयुष्य खाणीत काढलं, त्याच्या हाताने धुक्यातही गुडघ्याच्या उंचीवरच खूण काढली.

म्हणजे खोडी नव्हतीच. कोणीतरी कोणालातरी घरी आणत होतं. कोणाला?

"डॉक्टर, रोपवेच्या फाट्यावरून डेपोला जवळची वाट कुठली?"

"ती पायऱ्यांची. सायकल खांद्यावर मारली की झालं. पण बाण दाखवतोय या लांबच्या रुंद रस्त्याकडे. आम्ही उगाच एवढा वळसा घातला. टाकीपाशीही तेच. अरुंद पायवाट सोडून जुना गाडीरस्ता. ज्याने फिरवले त्याला जवळचं काही चालतच नव्हतं."

तिने पुन्हा तिन्ही फोटो पाहिले. पायऱ्या टाळलेल्या. अरुंद पायवाट टाळलेली. कड्याची बाजू टाळलेली. प्रत्येक बाण अशा वाटेला, जिथे दोन चाकं शेजारी शेजारी मावतील.

सायकलला अशी चाकं नसतात. सायकलमागच्या ट्रेलरला असतात. आणि त्या अख्ख्या उद्यानात लहान मुलाचा ट्रेलर एकच होता.

तिने फोन डॉक्टरांच्या हातात कोंबला आणि डेपोकडे धावली.

५

दिवेघरातल्या फळ्यासमोर ती उभी राहिली. तिच्या खुंटीवर तिचा बिल्ला होता, स्पोकने टांगलेला. त्याच्या खाली एक बुटकी खुंटी होती. भिंगरीने बिल्ल्यासाठी फळ्यासमोर लोळण घेतली, तेव्हा आजोबांनी नातीसाठी स्वतः ठोकलेली. फळ्याच्या नंबरांत ती नव्हती.

बुटकी खुंटी रिकामी होती.

ती शेडमध्ये धावली. ट्रेलरची गादी उचलली, पट्टे उलटे केले. बिल्ला आसनाच्या फटीत अडकला होता. कडेला चार इवल्या दातांच्या खुणा. काल पोर पेंगत होती आणि बिल्ला सोडत नव्हती. 'माझा बिल्ला टांग' असं आपण स्पोकला म्हणालो. फक्त 'माझा'. कधी न चुकणारी आपण, नेमकी काल चुकलो.

बाबा कुलूप लावायला आले असतील. पोरीची खुंटी रिकामी. शेडमध्ये ट्रेलर नाही. बाहेर हात पुढे केला तर बोटं दिसू नयेत असं धुकं. फोन इथे एरवीही लागत नाही. सूनबाईचा बिल्ला चुकून कोणी टांगला असेल, पण पोरीचा नाही, म्हणजे पोर वर आहे.

आणि तेवढ्यात अंगणातून सासऱ्यांचा आवाज आला.

"साहेब, त्या पोराला सोडा. बाण मी फिरवले."

ती दारात आली. जेवणाच्या सुट्टीची वेळ झालीच होती. साहेब, स्पोक, मावशी, क्लबची सगळी मंडळी गोल करून उभी होती आणि मध्ये सासरे, हात पाठीमागे बांधून, शिक्षा झालेल्या शाळकरी मुलासारखे.

"तुम्ही? कशासाठी?"

"गंमत म्हणून."

"गंमत?" साहेब ओरडले. "बाबा, तुम्हाला मी या डेपोच्या किल्ल्या दिल्यात!"

"म्हातारपणी बुद्धी नाठी झाली म्हणा. किल्ल्या परत घ्या." त्यांनी खिशात हात घातला. रोज संध्याकाळी त्या किल्ल्या घेऊन दिवेघराकडे निघताना या माणसाची पाठ ताठ व्हायची, हे तिने कितीदा खिडकीतून पाहिलं होतं.

"बाबा, किल्ल्या खिशात ठेवा," ती म्हणाली.

६

"सूनबाई, तू यात पडू नकोस."

"मी पडलेच आहे. पहिल्यापासून." तिने मुठीतला बिल्ला पुढे केला. "साहेब, चूक माझी आहे. काल मी भिंगरीचा बिल्ला टांगला नाही."

मग तिने सगळं सांगितलं. पुसलेला पान्हा, न खाल्लेलं गोड, खाली काढलेले खडूचे बाण, रुंद वाटा. ऐकता ऐकता मावशींनी फडकं डोळ्यांना लावलं आणि कांदा कापून आले होते म्हणून सगळ्यांना बजावलं.

"पण बाबा, आधी घरी का नाही आलात?" स्पोकने विचारलं. "घर तर इथून हाकेवर!"

"खाणीत तसं करत नाहीत," सासरे म्हणाले. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. "बिल्ला नाही म्हणजे माणूस आत. आधी वाट दाखवायची, मग चौकशा. घरी गेला असेल, झोपला असेल, असं म्हणत बसलं की उशीर होतो. शेवटच्या फाट्यापर्यंत गेलो. हाका मारल्या. टायरचा माग दिसेना. घराच्या बाजूने उतरलो तर खिडकीत दिवा, आणि आमच्या बाईसाहेब पाटावर बसून भात खाताहेत. माझ्यात पुन्हा वर जाऊन बाण फिरवायचं त्राण नव्हतं. म्हटलं, सकाळी लवकर उठून फिरवू. ही मंडळी माझ्याही आधी उठतील हे काय माहीत?"

"आम्ही सूर्योदयासाठी..." डॉक्टर ओशाळून म्हणाले.

"मग सकाळी सांगायचं तरी मला," ती म्हणाली. "साहेब स्पोकला घालवायला निघाले तरी तुम्ही गप्प. गंमत काय म्हणताय!"

सासऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं. "सांगितलं असतं तर तुला कळलं असतं, की पोर तासभर धुक्यात हरवली होती."

"हरवली नव्हती ती!"

"तासभर माझ्यापुरती हरवली होती. ते तुझ्या डोक्यात गेलं असतं तर तू तिला पुन्हा उंबऱ्याबाहेर काढलं नसतंस. टाकीपर्यंत जातेस, तेवढंही बंद झालं असतं. ते मला नको होतं. पोराची नोकरी जाणार म्हटल्यावर काहीतरी बोलणं भाग होतं, सुचलं ते बोललो."

हे अगदी खरं होतं, आणि ते तिलाही ठाऊक होतं.

साहेबांनी घसा खाकरला. "तक्रार मात्र आलेली आहे. मला काहीतरी करावंच लागेल."

"कुणाची तक्रार?" डॉक्टरांनी हेल्मेट घातलं. "आमची? साहेब, आमची अख्खी पलटण, अर्ध्या लोकांना डावं-उजवं कळत नाही, अंधुक उजेडात त्या डोंगरात शिरली आणि तीनदा सुखरूप बाहेर आली. एकालाही खरचटलं नाही. मी तक्रार मागे घेतो. उलट धुकं पडलं की लावायला असे परतीचे बाण कायमचे करून घ्या. पण आधी हे सरळ करा. आम्हाला अजून माथा बघायचाय."

साहेब डोंगराकडे बघत, स्पोककडे न बघता म्हणाले, "तू चेन बसव. हातात धरून काय उभा राहिलायस?"

स्पोकने ते माफीनाम्याच्या जागी धरून घेतलं. "बसवतो साहेब. पण वर बाण सरळ करायला कोण जाणार? मी सकाळपासून आरोपी होतो, माझे पाय थरथरतायत."

"मी जातो," सासरे म्हणाले.

"तुमचे गुडघे बघितलेत मी," ती म्हणाली. तिने पान्हा उचलून ट्रेलरच्या कप्प्यात टाकला, भिंगरीला बसवलं, पट्टा आवळला, पुन्हा एकदा आवळला. "मी जाते. तुम्ही मागून या. आणि क्लबने आमच्या मागून यायचं, पुढे नाही."

टाकीपाशी तिने पहिला बाण सरळ केला. नट घट्ट होता. दोन्ही हातांनी जोर लावावा लागला. पुढच्या चढावर पाऊल टाकताना तिने एकदाच मागे पाहिलं. सासरे सायकल हातात धरून चालत होते आणि मागे क्लबची रांग शाळेच्या सहलीसारखी शिस्तीत येत होती. रोपवेच्या फाट्यावर दुसरा बाण. मग ऊन, गवत, गंजलेल्या खांबांच्या सावल्या, आणि ट्रेलरमधून सारखं, "आई, पुढे! आई, पुढे!"

शेवटचा बाण तिने आवळला आणि घाम पुसायला मान वर केली, तर वर डोंगरच उरला नव्हता. नुसतं आभाळ होतं, आणि खाली तळं, मावशींचं इवलंसं छप्पर आणि तिकडे उतरत गेलेला रुंद, ऊन पडलेला रस्ता.

"दमलीस ना?" सासरे धापा टाकत वर आले. "थोडं बस. मग हळूहळू माघारी जाऊ. उतार वाईट आहे तो."

"रुंद आहे ना पण?"

"रुंद आहे, पण सूनबाई..."

तिने पट्टा शेवटचा तपासला आणि पाय पेडलवर ठेवला. वारा कानात शिरला. ट्रेलरमधून भिंगरीची किंकाळी आली, आणि ती भीतीची नाही हे आईच्या कानांना पहिल्या क्षणाला कळलं. तिने स्वतःही तशीच एक किंकाळी ठोकली.

मागून, लांबून, कापऱ्या आवाजात सासरे ओरडत होते, "ब्रेक! सूनबाई, ब्रेक लाव! अगं, पोर आहे मागे!"